सातवीची जागा

१० मार्च १९८६

पोचले एकदाची. होस्टेलचं पाणचट वरण सुटलं, याचाच आनंद जास्त. कॅम्पसबाहेर राहून संशोधन करायची परवानगी मिळवताना पोरं विभागाचे उंबरे झिजवतात. माझं सगळं माझ्या गाईडनी, काकासाहेब सरांनी, एका आठवड्यात जमवून दिलं. विभागप्रमुखांची सही, राहायची सोय, खोली सोडायचा अर्जसुद्धा. आई मात्र मुकुंदवाडीतून मला एकटीला धरणाकाठच्या खेड्यात पाठवायला तयार नव्हती. मग सर वहिनींना घेऊन घरी आले. वहिनींनी खण-नारळानं आईची ओटी भरली. सर म्हणाले, "पोरीची काळजी आता आमच्याकडं." आईनं डोळे पुसले. बाबा गेल्यापासून तिची ओटी कुणी भरली नव्हती, आमचा एवढा मान कुणी ठेवला नव्हता.

पैठणच्या पुढं, फाट्यावर उतरून चालत यायचं. जुनं गाव धरणात गेलं, हे माळावर नव्यानं वसवलेलं. पत्र्याची घरं, सरळ रस्ते, सावलीला म्हणून एक झाड नाही. मी सरांच्या चुलतीकडं, मनकर्णाबाईंकडं राहते. बुडालेल्या गावातल्या बायकांचे देव आणि सणवार हा माझा विषय. निघताना सरांनी बजावलंय, गावात कशालाच नाही म्हणायचं नाही. देतील ते घ्यायचं, बसवतील तिथं बसायचं, तरच माणसं मोकळी होतात. पहिल्याच जेवणात चार भाकरी झाल्या. सरांची शिकवण मी मनावर घेतली आहे.

१९ मार्च

आज मनकर्णाबाईंनी धरणाच्या काठावर आसरांचं ठाणं दाखवलं. आसरा म्हणजे पाण्यातल्या सात बहिणी. शेंदूर फासलेले दगड ओळीनं मांडलेत, पण सहाच. सातवीची जागा सारवून मोकळी ठेवलेली. कारण विचारलं तर म्हणाल्या, "सातवी खालीच ऱ्हायली, बाई. पाणी लई झपाट्यानं चढलं." मग तिच्या जागी काय ठेवता? तर म्हणाल्या, चैती पुनवेला बसवतो की. कलश बसवत असतील, असं मी टिपून घेतलं. प्रबंधाचं एक आख्खं प्रकरण आयतं हाती लागलं. सर खूश होतील.

२ एप्रिल

मनकर्णाबाईंनी कासाराला घरी बोलावून मला हिरवा चुडा भरला. लग्नाआधी हिरवा चुडा पाहून आई फणफणली असती. मला हसू येत होतं, पण नाही म्हणायचं नाही. नंतर शेजारच्या बायका आल्या आणि एकेक करून माझ्या पाया पडल्या. त्यात साठी उलटलेल्याही होत्या. मी पाय मागं घेतले तर मनकर्णाबाईंनी ते धरून ठेवले.

संध्याकाळी कोनाड्यात काडेपेटी शोधताना एक चष्मा सापडला. जाड भिंगं, दांडीला काळा दोरा. हा रत्नमालाचा. ती आमच्या पुढच्या वर्गात होती, सरांकडेच, आणि गेल्या उन्हाळ्यात तीही बाहेर काम करायला गेली होती. कुठं, ते मी कधी विचारलं नाही. तिनं शिक्षण सोडलं, लग्न झालं, नांदेडकडं दिली, असं सरांनी सांगितलं होतं. पण चष्म्याशिवाय तिला समोरचा फळाही दिसत नसे. ती सासरी जाताना चष्मा कसा विसरेल?

१२ एप्रिल

बांगड्या निघत नाहीत. साबण लावून पाहिलं. शेवटी दगडानं ठेचल्या, तर मनगट सुजलं आणि काचेला तडासुद्धा गेला नाही.

भर दुपारी जरा डोळा लागला होता. उठले तर दारापासून माझ्या चटईपर्यंत ओली पावलं. बायकांची. आत आलेली होती, परत गेलेली नव्हती. मनकर्णाबाईंना दाखवली. त्या हरखल्या. म्हणाल्या, "बघाया आल्या जणू," आणि पुन्हा ज्वारी निवडायला बसल्या.

१६ एप्रिल

पिशवी घेऊन फाटा गाठला. एस.टी. थांबली. कंडक्टरनं माझ्या हातातला चुडा पाहिला, वाकून हात जोडले आणि घंटी मारली. आतल्या बायांनीही हात जोडले. गाडी गेली. रस्त्यावर उभी राहून रडले. मागं गावातल्या बाया येऊन थांबल्या होत्या. कुणी रागावलं नाही. पिशवी त्यांनीच उचलली.

पुनवेला सर येणार आहेत म्हणे. सर आले की हे सगळं थांबेल. मला माहीत आहे.

२३ एप्रिल

सर आले. वहिनी आणि त्यांची मुलगीही. मी धावत गेले. सरांनी माझ्याकडं बघितलं नाही. वहिनींच्या हातात हिरवं लुगडं होतं.

मनकर्णाबाईंनी सांगितलं. चुलीपुढं बसून, अगदी सहज. दर साली एका घराची पाळी, त्या घरची लेक सातवीच्या जागी बसते. गेल्या साली सरांच्या भावाचं घर होतं. यंदा सरांचं. "तुझ्या आईनं वटी घेतली ना? तवाच तू त्याची लेक झालीस. मागून आणलीया तुला, चोरून नाय."

आईला वाटलं, मान दिला.

सरांची मुलगी माझ्यासमोर बसून जेवली. एकदाही वर पाहिलं नाही. भीती वाटते, पण त्याहून जास्त संताप येतो. या माणसाला मी देव मानलं. त्यानं माझी परवानगी काढली, खोली सोडवली, आईला डोळे पुसायला लावले — सगळं स्वतःच्या पोरीसाठी.

२४ एप्रिल

दुपार. बाहेरून कडी आहे. लुगडं नेसवून गेल्या.

धरण आटलंय. पाणी कुठल्या कुठं मागं गेलंय — तरी उंबऱ्याखालून येतंय. गार. चटई भिजली —

सर दाराबाहेर आहेत. खोकला ओळखला. विचारलं, आईला काय सांगणार? पुन्हा खोकले. मग म्हणाले, लग्न झालं म्हणून सांगतो. नांदेडकडं दिली.

रत्नमाला —

पावलं आता आत आहेत. माझ्या दोन्ही बाजूंना. ओल्या केसांचा वास. मधे जागा ठेवलीय. कुणीतरी चष्मा शोधतंय, कोनाड्यात हात —

कडी काढतायत. सर म्हणतायत, ऊठ बाळा, नाही म्हणायचं नाही.

म्हणणार आहे. आज तरी मी त्यांच्या तोंडावर नाही म्ह