फायबरच्या गाडीची लाली

अप्पा,

तुमच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं उगाच आशेला लागायला नको. तुमच्या स्मृतिदिनाला धाकटा दरवर्षी चार लोकांत उभा राहून बोलतो. अप्पांनी आम्हाला शिस्त लावली, अप्पांनी आम्हाला मान वर करून जगायला शिकवलं. लोक माना डोलावतात. मी खीर वाढत असते आणि मला ती गाडी आठवते. एकदा वाटलं, पातेलं खाली ठेवावं आणि सांगावं सगळ्यांना. पण खीर गार होत होती, आणि तुमच्यामुळे लोकांची खीर गार होऊ देण्याइतकीही तुमची किंमत मला करायची नव्हती.

गाडी तुम्ही नगरच्या सावेडीतल्या एका डॉक्टरांकडून जुनी घेतली होती. दोन दारांची, बुटकी, सगळं अंग फायबरचं. डॉक्टरांनी ती कित्येक उन्हाळे बंगल्याबाहेर उघड्यावर ठेवलेली, त्यामुळे मूळचा लाल रंग विटून धड गुलाबीही राहिला नव्हता. बोट फिरवलं की खडूसारखी भुकटी निघायची. त्यात आपण साखर कारखान्याच्या कॉलनीत राहणारे. गाळपाचा सीझन चालू असला की काळी राख सगळ्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडायची, तशी ती गाडीवरही पडायची. तुम्ही ती सकाळी जुन्या फडक्यानं झटकून ऐटीत लॅबला जायचात. चालत गेला असतात तर विडी संपायच्या आत पोचला असतात. हिशेब खात्यातले लोक ती फायबरची म्हणून तिला पाण्याची टाकी म्हणायचे, 'निघाली केमिस्टसाहेबांची टाकी' असं. ते तुमच्या कानावर होतं. घरी त्यावर कुणी बोलायचं नाही, पण ज्या दिवशी तुम्ही ते ऐकून यायचात त्या दिवशी भाजीत मीठ जरा कमी असलं तरी ताट सरकवलं जायचं.

त्याच सुमारास मला संगमनेरचं स्थळ आलं. मुलगा कॉलेजात शिकवायचा, आणि त्यानं मध्यस्थाबरोबर आपण होऊन निरोप पाठवला होता की मुलीनं बी.एस्सी. पुरं करावं, पुढंही शिकावं, कॉलेज घराजवळच आहे. माझं पहिलं वर्ष नुकतंच झालं होतं. तुम्ही आधीच जाहीर केलं होतं की यंदा हिचं बघायचं, म्हणजे माझं कॉलेज इथंच संपत होतं. आणि हा कोण कुठला मुलगा म्हणत होता की शीक. मी त्याला पाहिलंही नव्हतं, तरी मनातल्या मनात मी संगमनेरच्या लॅबमध्ये ॲप्रन घालून उभी असायचे. हे स्थळ जमलं तर शिकायला मिळणार होतं, मोडलं तर नाही. माझ्यासाठी सगळा मामला एवढाच होता. तुमचा मामला वेगळा होता. पाहुणे एसटीनं राहुरीला उतरणार, तिथून तुम्ही त्यांना गाडीतून आणणार, आणि ती गाडी टाकीसारखी दिसता कामा नये.

नगरला टेम्पोचे हूड बनवणारा एक फायबरवाला तुम्ही शोधून काढला. मला बरोबर घेतलंत तेव्हा मला वाटलं, बाजारहाट असेल. त्यानं बॉनेटवरून अंगठा फिरवला, भुकटी बघितली आणि म्हणाला, "साहेब, ह्याला रंग मारायचा न्हाई. ह्याचा रंग वरनं लावलेला नसतोय, वरच्या थरात, जेलकोटातच कालवलेला असतोय. उन्हानं मेलेला थर तेवढा घासून काढायचा, खाली लाल हाय तसाच हाय. पर हात हलका पायजे. कडंला थर पातळ असतोय. जास्ती घासलं का आतली काचंच्या धाग्यांची जाळी उघडी पडंल." गाडी आठवडाभर इथंच सोडा, पोरं करतील, असंही तो म्हणाला. तुम्ही नको म्हणालात. केमिस्टसाहेबांची गाडी वर्कशॉपात पडलीय असं कुणी बघितलं असतं तर टाकीवाल्यांना आयतंच कोलीत मिळालं असतं. येताना तुम्ही घासायचे वॉटर पेपर, रबिंग कंपाउंड, मेणाचं पॉलिश आणि फुटलेल्या मडगार्डासाठी जेलकोटचा डबा घेतलात. परतीच्या वाटेवर म्हणालात, "समजलं ना तो काय सांगत होता ते?" मी हो म्हटलं. मग तुम्ही शीळ घालायला लागलात.

क्वार्टरच्या मागं दोरीवर चादरी टाकून तुम्ही आडोसा केलात आणि आडोशाच्या आत मी. तुम्ही घडीच्या खुर्चीत पेपर घेऊन. आधी जाड कागद, मग बारीक, मग त्याहून बारीक, प्रत्येक वेळी बादलीत बुडवून, एकाच दिशेनं, आणि कागद बदलला की सगळी गाडी धुवायची, कारण आधीच्या कागदाचा एक कण राहिला तरी ओरखडा उमटतो. लाल पाणी माझ्या कोपरांवरून ओघळायचं. मी लॅबमधले रबरी हातमोजे मागितले. तुम्ही म्हणालात, "मोजे घातले की हाताला कळत नाही. डोळ्याला दिसत नाही ते बोटाला लागतं." हे खरं होतं, हीच तर पंचाईत. हात फिरवला की मेलेला भाग खरखरीत लागायचा आणि जिवंत भाग गुळगुळीत, आणि कडेशी आलं की थर संपत आल्याचं बोटांनाच आधी कळायचं. एकदाही मी जाळी उघडी पाडली नाही. पण मडगार्डाचं जुनं ठिगळ होतं तिथं काच उघडीच होती. ते तुम्ही मला कोरडं घासायला लावलंत, ओलं झालं तर नवा जेलकोट धरणार नाही म्हणून. काचेचे ते बारीक तंतू माझ्या हातांत शिरले. दुसऱ्या दिवशी कोपरापर्यंत लाल पुरळ, आणि खाज अशी की मी रात्रभर हात उशाखाली दाबून पडून राहायचे. आईनं खोबरेल लावलं, हळद लावली. तुमच्यासमोर येऊन म्हणाली, "लई लाल झाल्यात हात तिचे. आता पुरं करा." तुम्ही पेपरामागून म्हणालात, "छत राहिलंय अजून."

छतही झालं. शेवटचं मेण लावून पुसलं तेव्हा गाडी डाळिंबाच्या दाण्यासारखी दिसत होती. बॉनेटमध्ये तोंड दिसत होतं. तुम्ही वाकून त्यात बघितलंत आणि भांग नीट केलात. मी मेणाचं फडकं हातात घेऊन तिथंच उभी होते.

पाहुणे येतात त्या दिवशी आईनं मला ऐन मे महिन्यात लांब बाह्यांचं ब्लाउज घातलंय. मुलगा, त्याचे वडील आणि आई. तुम्ही त्यांना गाडीतून उतरवताना दारातच ऐकू येतं, मुलाचे वडील म्हणतायत, "गाडी एकदम नवी दिसतीय." आणि तुम्ही म्हणता, "नवीच आहे. शोरूममधून काढली." आतमध्ये आई पोहे परतताना थांबते आणि माझ्याकडे बघते. मी पोहे नेते, चहा नेते. मुलगा मला विचारतो, केमिस्ट्रीत काय आवडतं, आणि मी उत्तर देते, चांगलं उत्तर देते. त्याची आई हसून मला जवळ बसवते. बाई चांगल्याच वाटतात. बशी देताना माझी बाही जरा वर जाते. त्या मनगट धरतात, बाही आणखी वर सरकवतात, आणि काळजीनंच विचारतात, "हे काय गं, बाळ?" मी तोंड उघडायच्या आत तुम्ही बोलता. तुमचा आवाज अगदी सहज आहे. "इसब आहे. लहानपणापासूनचं. औषध चालू आहे." बाई माझा हात सोडतात. सोडतात म्हणजे मांडीवर ठेवतात, माझ्याच मांडीवर, आणि पदराला बोटं पुसतात. मुलगा चहात बघत राहतो. मग उन्हाळ्याच्या, उसाच्या, एसटीच्या वेळांच्या गोष्टी निघतात.

तुम्ही त्यांना स्टँडवर सोडून आलात आणि चप्पल काढता काढता म्हणालात, "गाडीचं फार कौतुक केलं त्यांनी." आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तुमच्यासमोर ती कधी आवाज चढवायची नाही, त्या दिवशीही चढवला नाही. म्हणाली, "पोरीच्या हाताला काय झालंय ते तुमाला म्हाईत न्हाई व्हय?"

"मग काय सांगायचं होतं? पोरगी मेकॅनिकचं काम करते?"

"खरं सांगायचं हुतं."

"खरं सांगितलं असतं तर गाडी जुनी आहे हे नसतं का कळलं? दारातच मी नवी म्हणून बसलो होतो."

एवढं सरळ बोललात तुम्ही. काही लपवायचंसुद्धा वाटलं नाही तुम्हाला. मी आत भांडी विसळत होते आणि सगळं ऐकत होते. संध्याकाळी नेहमीप्रमाणे मेणबत्ती लागली, धाकट्याला हाक मारलीत, मला हाक मारलीत, आणि आपण वंदनेला बसलो. पंचशिलातलं चौथं शील आलं, खोटं न बोलण्याचं. मी तुमच्या तोंडाकडे बघत होते. तुमचा आवाज जरासुद्धा अडखळला नाही. त्या दिवसापासून मी ते शील मोठ्यानं म्हटलेलं नाही, आणि तुमच्या ते कधी लक्षातही आलं नाही.

मध्यस्थाकडून नकार आला. माझं पुरळ त्याच्या आधीच उतरलं होतं. पण नात्यागोत्यात बातमी माझ्या हातांपेक्षा जास्त टिकली. लग्नाकार्यात बायका मला बांगड्या भरायच्या निमित्तानं हात पुढं करायला सांगायच्या आणि निरखून बघायच्या. एकीनं तर विचारलं, अंगावर आणखी कुठं आहे का. कॉलेज सुटलं ते सुटलंच. पुढं मी बाहेरून बी.ए. केलं, कारण केमिस्ट्री बाहेरून करता येत नाही. आज मी सावेडीतल्या एका शाळेत इतिहास शिकवते, चांगला शिकवते, आणि प्रयोगशाळेच्या दारावरून जाताना अजून माझं पाऊल मंदावतं. नवरा उशिरा मिळाला आणि चांगला मिळाला. त्याचं श्रेय मी तुम्हाला देणार नाही.

लोक तुमची बाजू घेतात ती मला पाठ आहे. तुमच्या वडिलांना गावात चावडीपुढून जाताना चपला हातात घ्याव्या लागायच्या. तुम्ही दिव्याखाली शिकलात, कारखान्यात साहेब झालात, आपल्या लोकांतले कॉलनीत राहायला आलेले पहिले. त्या माणसाला टाकी म्हणून हसलेलं सोसत नसेल तर त्यात नवल काय. खरंय, अप्पा. हे सगळं खरंय आणि त्या हसणाऱ्यांना मीही कधी माफ केलेलं नाही. पण त्यांच्या हसण्याची भरपाई तुम्ही माझ्याकडून करून घेतलीत. मी काही हिशेब खात्यात नव्हते.

दिवाळीपर्यंत गाडी पुन्हा पांढुरकी झाली. मेण लावत राहावं लागतं, ते कोण लावणार. पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही वॉटर पेपर आणून ओट्यावर ठेवलेत आणि म्हणालात, "यंदा बॉनेट तेवढं बघ." मी नाही म्हटलं. तुम्हाला आधी ऐकूच आलं नाही, मग मी पुन्हा म्हटलं. तुम्ही रागानं गाडी एका पेंटरकडे नेलीत आणि त्यानं वरून रंग मारला. पावसाळ्यात त्या रंगाचे पापुद्रे सुटायला लागले. हिशेब खात्याला नवीन नाव सापडलं. मला फार बरं वाटलं, आणि ते बरं वाटणं मी अजून जपून ठेवलंय.

हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही. धाकट्याला तर नाहीच, त्याला भाषण बदलावं लागेल. आणि एक गोष्ट मी आईलाही कधी बोलले नाही. तिला वाटायचं, त्या बाईंनी बाही वर सरकवली तेव्हा मला लाज वाटली असेल. तसं नव्हतं. मला आनंद झाला होता, अप्पा. मला वाटलं, बरं झालं यांनी विचारलं. आता तुम्हाला सांगावंच लागणार की बाहेर उभी आहे ती गाडी आमच्या पोरीनं एकटीनं केली. तुम्ही बोलायला तोंड उघडलंत तेव्हा मी मान वर करून तुमच्याकडे बघत होते, आणि हसत होते.