मागच्या फाटकाचा कॅमेरा मागच्या फाटकावर लावणेबाबत

प्रति,
मा. प्रशासन अधिकारी,
कागद कारखाना,
मुख्य इमारत, पंख्याखालील दालन.

विषय: मागच्या फाटकाचा कॅमेरा मूळ जागी लावणे व अर्जदारावरील चोरीचा आळ मागे घेणेबाबत.
संदर्भ: पंपाची मोटार चोरीस गेल्याबाबत अर्जदारास मिळालेली आपली कारणे दाखवा नोटीस.

महोदय,

१. अर्जदार या कारखान्याच्या मागच्या फाटकावर, डोक्यावर केस होते तेव्हापासून, पहारा करीत आला आहे. सदर फाटकाची कडी तुटलेली आहे. ती बदलून मागितली असता "तू आहेस ना तिथे, मग कडी कशाला?" असे आपण म्हणालात. तेव्हापासून अर्जदार आपले लाकडी स्टूल फाटकाला टेकवून त्यावर स्वतः बसतो, म्हणजे फाटक बंद राहते. गाडी आली की उठावे, गेली की बसावे. या पद्धतीत कारखान्याची टाचणीसुद्धा बाहेर गेली नाही.

२. बॉयलर, गोदाम, उपाहारगृह व मागचे फाटक येथे एकेक कॅमेरा होता आणि त्याचा पडदा तिथेच असे. ज्याचे त्याने पाहावे. बॉयलरवाला पडद्यापुढे जेवणाचा डबा ठेवी हे खरे, पण डबा बाजूला करून पाहतही असे. आपणांस मात्र चारही पडदे पाहण्यासाठी आवारभर पायपीट करावी लागे, आणि आवार एवढे अवाढव्य की मागच्या फाटकाशी पोहोचेपर्यंत आपला राग निवून जाई. सबब "सगळं एका खोलीत दिसलं पाहिजे आणि खर्चही वाढता कामा नये," असे आपण फर्मावले. विचार उत्तम होता. अर्जदारानेही टाळ्या वाजवल्या होत्या.

३. वायरमनने लागेल तेवढी केबल मागितली. खरेदी विभागाने तीत काट मारली, मग आपण काट मारली, आणि उरली ती केबल, जिथे चारही पडदे मांडायचे होते त्या जुन्या वजनकाट्याच्या खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पुरली. वायरमन म्हणाला, "साहेब, केबल कॅमेऱ्यापर्यंत पोचत नाही." त्यावर आपण म्हणालात, "अंथरूण पाहून पाय पसरावेत. केबल पोचत नसेल तर कॅमेरे इकडे आणा." हुकूम तो हुकूम. चारही कॅमेरे काढून त्याच खोलीच्या चार भिंतींवर ठोकण्यात आले. पडद्यांखालच्या 'बॉयलर', 'गोदाम' वगैरे पाट्या मात्र जुन्याच राहिल्या, कारण नव्या पाट्यांची तरतूद नव्हती.

४. पडद्यांपुढे बसायला माणूस हवा म्हणून अर्जदारास फाटकावरून उचलून आणले. खुर्ची मंजूर नसल्याने तो आपले स्टूल काखोटीला मारून आला. उद्घाटनाला संचालक मंडळी जमली. "वा! गोदामात केवढी शांतता!" असे एकजण म्हणाले. दुसऱ्यांना बॉयलरजवळचा माणूस इतका स्वच्छ पाहून भरून आले. अर्जदार तोंड उघडणार तोच आपण त्याच्याकडे डोळे वटारून पाहिलेत. अर्जदार गप्प राहिला. पोट कोणाला नाही?

५. त्यानंतर भर दुपारी पंपाची मोटार मागच्या फाटकातून गेली. हे चाकांच्या खुणांवरून कळले, कारण 'मागचे फाटक' या पडद्यावर त्या वेळी अर्जदाराचे टक्कल दिसत होते. चौकशी समितीने चारही ठिकाणचे चित्रण तपासले. निष्कर्ष असा, की चोरीच्या वेळी बॉयलर, गोदाम, उपाहारगृह आणि मागचे फाटक या सर्व ठिकाणी एकच टकला इसम एकाच स्टुलावर बसलेला आढळतो, सबब त्याचा सर्वत्र वावर संशयास्पद आहे. शिवाय स्टूल विनापरवाना चार विभागांत फिरवल्याचा आरोप वेगळा. अर्जदाराने हात जोडून सांगितले, "साहेब, खोली एकच आहे, टक्कलही एकच आहे." आपण म्हणालात, "कॅमेरा खोटं बोलत नाही." अर्जदाराचेही तेच म्हणणे आहे. वायरमनला साक्षीला बोलावले, तर त्याने आधी कॅमेरे हलवण्याच्या हुकमावरील साहेबांच्या, म्हणजे आपल्या, सहीकडे पाहिले, मग छताकडे.

६. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. पण संन्याशाच्या मागे कोणी रडणारे नसते, अर्जदाराला बायको आहे, मुलगी आहे. मेहुणा घरी येऊन विचारतो, "भावोजी, मोटार ठेवलीत कुठे? आमच्याही विहिरीला लागतेच आहे." बायको म्हणते, "ह्यांना पाण्याची बादली उचलवत नाही, मोटार कसली उचलतात!" हा बचाव खरा आहे, पण ऐकताना बरे वाटत नाही. मुलगी शाळेतून येताना फाटकाशी थांबून बापाला हाक मारून जात असे. ती आता लांबच्या रस्त्याने घरी जाते. नोकरी गेली तर अर्जदार दुसरी शोधील, पण चोर ठरून गेली तर त्या पोरीला कोणता रस्ता उरेल, हे आपणच सांगावे. अर्जदाराला याचे फार वाईट वाटते, आणि रागही येतो.

७. तरी विनंती, की कॅमेरा परत फाटकावर लावावा. केबल पुरत नसेल तर निदान अर्जदारास परत लावावे, त्याला केबल लागत नाही. तेही जमत नसेल तर नोटिशीत एवढीच दुरुस्ती व्हावी, की चोरीच्या वेळी अर्जदार आपण बसवले तिथेच बसला होता. संचालक मंडळींपुढे तो आपल्यासाठी गप्प राहिला. आता आपण त्याच्यासाठी एक वाक्य बोलावे.

चारही पडद्यांवरून आपणांस हात जोडणारा,

(सही)
पहारेकरी, मागचे फाटक
(सध्या सर्वत्र)

दिनांक: नोटिशीच्या मुदतीचा शेवटचा दिवस

सोबत:
१. कारणे दाखवा नोटिशीची प्रत.
२. बादलीबाबत पत्नीचा जबाब.
३. मागच्या फाटकाची तुटकी कडी. स्टूल पुरावा म्हणून आपल्या दालनात जमा आहे, त्यामुळे फाटक हा अर्ज लिहितानाही सताड उघडे आहे.