जपानी दोरीवर बोंबलाची रीत

६ जुलै
जपानमधल्या भाषावर्गाचा तिसरा दिवस. लिहिण्यात बरी, ऐकण्यात ठीक, बोलण्यात दगड. बाईंनी विचारलं, काल रात्री काय जेवलात? उत्तर येत होतं. डोक्यात नीट मांडून होईपर्यंत बाई शेजारच्या मुलाकडे वळल्या. बोईसरच्या जपानी क्लासात मी पहिली यायची, हे इथे सांगू कुणाला!

उन्हाळी वर्ग संपताना तोंडी परीक्षा. जो चांगला बोलेल त्याला ऑक्टोबरपासून वर्षभराच्या वर्गात जागा, फी नाही. मला हवीय ती. हवीय म्हणजे हवीच.

९ जुलै
हारुकोबाईंकडे राहते. सत्तरीच्या, एकट्या, बंदराला लागून घर. मनातल्या मनात मावशी म्हणते त्यांना. मावशी भराभर बोलतात, मी नुसती हो हो. त्या होकारापायी आज दोनदा आंघोळ करावी लागली.

खिडकीतून सुक्या मासळीचा वास येतो. एवढं विमानात बसून लांब आले, तर इथेही आमच्या गावचाच! इतकं बरं वाटलं की झोपच लागली.

१४ जुलै
आईचा फोन. खांदा अजून वर जात नाही. दसऱ्याच्या सुमाराला बोंबील यायला लागतील, सुकवायला वलांडीच्या काठ्यांवर टांगायचे. आमची वलांडी उंच, वरच्या दोन काठ्या पूर्वी बाबांच्या असायच्या. ते गेल्यावर माझ्या. शनिवार-रविवार बोईसरच्या खोलीवरून घरी जायचं ते त्याचसाठी. वर्षभर इथे राहिले तर...

जागेचं सांगितलंय तिला. "बगू," म्हणाली. आईच्या 'बघू'चा अर्थ मला अजून लागलेला नाही. जपानी त्यापेक्षा सोपं.

२८ जुलै
वर्गात आज सलग तीन वाक्यं बोलले. तिन्ही चुकली. तरी बाई खूश.

९ ऑगस्ट
आज जे केलं ते लिहितानाही हसू येतंय.

शाळेला सुट्टी. सकाळी मावशींनी बादलीभर मासे आणले, कामासू नावाचे. बारके, लांब तोंडाचे, दातवाले. बादली अंगणात ठेवून त्या शेजारी गेल्या. समोर कपड्यांची दोरी रिकामी, ऊन कडक, मासे ताजे. कुणी सांगितलं नव्हतं, पण आपल्याला कुठे दम! दोन मासे घेतले, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवला आणि टाकली जोडी दोरीवर. मग दुसरी, तिसरी. दात छान अडकत होते. अख्खी बादली टांगली. हात धुऊन ऐटीत उभी राहिले.

मावशी आल्या. दाराशीच थांबल्या. मग म्हणाल्या, "हे भांडतायत का?"

इथे मासा आधी चिरतात, पोट साफ करतात, उघडून मिठाच्या पाण्यात ठेवतात, मग जाळीवर पसरतात. अख्खाच्या अख्खा, तोही दुसऱ्याच्या तोंडात तोंड घालून, कुणी लटकवत नाही! मावशी हसून हसून पायरीवर बसल्या. शेजारच्या तिघींना हाका मारल्या. मला विचारलं, का केलंस असं?

आणि मी बोलायला लागले. आमचा बोंबील कसा, पाण्यासारखा मऊ, चिरायला गेलं तर हातात काही राहत नाही, म्हणून जबड्यात जबडा. वलांडी किती उंच, आई कशी टांगते, पाऊस आला तर कशी धावाधाव. चुका ढीगभर. शब्द अडला की हात. चौघीजणी ऐकत होत्या, मधेच विचारत होत्या. डोक्यात आधी काही मांडलंच नव्हतं, हे नंतर लक्षात आलं.

मग सगळ्यांनी मिळून मासे उतरवले आणि चिरले.

१० ऑगस्ट
आईला व्हिडिओवर सगळं सांगितलं. "बादलीभर मच्छी टांगलीस? न विचारता? घर कोनाचं, पोरी?" मग तीही हसली. फोन मावशींना दिला. ही हिच्या भाषेत, ती तिच्या. दोघींनी एकमेकींना खांदे दाखवले! मावशींचाही उजवाच दुखतो. मला भाषांतर करायला कुणी सांगितलंच नाही.

शेवटी आईने विचारलं, "ती दोरी केवड्यावर हाय गो?" मी दोरीजवळ उभी राहून दाखवलं. माझ्या छातीला. "बरं," म्हणाली आणि ठेवला.

२२ ऑगस्ट
परीक्षा. विषय: या गावातली एक आठवण. दुसरं काय सांगणार? कामासू. दोनदा अडखळले, पण थांबले नाही. परीक्षक हसले. माशांना की माझ्या व्याकरणाला, देव जाणे. निकाल सप्टेंबरअखेर मेलवर.

निघताना मावशींनी सुके कामासू बांधून दिले. चिरलेले! रडले मी. त्याही.

५ सप्टेंबर
बोईसर. रजा संपली. पुन्हा कंपनी, पुन्हा पहिली पाळी. लॅबमधला यादव: "मॅडम, जापान में खाया क्या?" म्हटलं, मच्छी. "वो तो यहाँ भी थी!"

दिवसाला दहादा मेल बघते.

२० सप्टेंबर
रविवार. घरी. रिक्षातून उतरले तर वलांडीच ओळखू येईना. वरच्या काठ्या काढलेल्या. त्याच काठ्यांची बाजूला, चिंचेपर्यंत, नवी रांग. सगळी बुटकी.

"हे काय केलंस?"

"माज्या हाताला पुरंल एवडी करून घेतली. त्या तुज्या बाईची हाय तशी."

"अगं, पण माझा निकाल कुठे लागलाय?"

"लागंल तवा लागंल. बोंबील काय तुज्या निकालासाठी थांबनार हायत?" आणि सुतळी आवळत राहिली, डाव्या हाताने.

'बघू'चा अर्थ हा होता तर. मी आत जाऊन उगाच पाणी प्यायले. डोळे भरून आलेले तिला दाखवायचे नव्हते.

संध्याकाळी नव्या वलांडीजवळ उभी राहिले. सगळ्यात वरची काठी माझ्या छातीला लागते. आत्ताही मेल बघितला, काही नाही. जागा नाही मिळाली तर अख्खा हंगाम मलाच वाकून बोंबील टांगावे लागणार.