मागच्या खोलीची घरपट्टी

प्रिय बारक्या,

पाच वर्षांनी माझं अक्षर पाहून पाकीट तसंच बाजूला ठेवशील, ही धास्ती आहे. फोडलंस तर मात्र शेवटपर्यंत वाच. मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, चष्म्याचा नंबर वाढलाय, पण सुईत दोरा अजून पहिल्या झटक्यात ओवते.

बातमी आहे ती घरपट्टीची. आपला रस्ता रुंद झाला आणि गेल्या महिन्यात कर खात्याचा माणूस फीत घेऊन मापं घ्यायला आला. पुढच्या खोलीतलं शिलाई मशीन आणि टांगलेले शाळेचे गणवेश बघून म्हणाला, "बाई, हे दुकान झालं. दर तिप्पट लागेल." मी म्हटलं, अहो, मी इथेच जेवते, इथेच झोपते. माणूस भला होता. मशीन मागच्या खोलीत न्या, म्हणाला. तिला रस्त्याकडे दार नाही, म्हणजे सगळं घरगुती दरात बसेल.

मागची खोली म्हणजे तुझी. झाडून घेण्यापलीकडे तिथे मी कशाला हात लावलेला नाही. खाट हलवायची म्हणून दोनदा बाह्या सरसावल्या आणि दोन्ही वेळा तिच्यावरच बसून राहिले. लहानपणी तुला माझ्या मशीनच्या आवाजाशिवाय झोप लागायची नाही. मशीन थांबलं की भिंतीवर टकटक करायचास, आणि मी रिकामंच पायडल मारत बसायचे. हे तुला कधी सांगितलं नव्हतं. शेवटी ठरवलं, तिप्पट तर तिप्पट. जास्तीचे गणवेश शिवेन, पण खोली तशीच राहू दे.

हप्ते मिळतील का, हे विचारायला कर कार्यालयात गेले. खिडकीतल्या बाईंनी संगणकावर आपल्या घराचं खातं उघडलं. म्हणाल्या, "मिळतील की. मागे तीन वर्षं थकली होती, घराला जप्तीची नोटीसही लागली होती, पण तुम्ही सगळं व्याजासकट एकरकमी भरलंत." मी म्हटलं, वडिलांनी भरलं असेल. त्यांनी संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. भरणाऱ्याच्या जागी तुझं नाव होतं. महिना तोच, ज्यात बाबा दवाखान्यात होते आणि मी रात्रंदिवस त्यांच्या उशाशी.

एवढे पैसे तू कुठून आणलेस हे विचारायला तिथून तडक, तू पूर्वी कामाला होतास त्या गॅरेजवाल्याकडे गेले. आधी तो टाळाटाळ करत होता. मग म्हणाला, "मोटरसायकल विकून भागलं नाही, म्हणून त्याने माझ्याकडून पगारावर उचल घेतली होती. ताईला कळू देऊ नका, बाबांनी नोटिसा लपवल्या हे तिला सोसायचं नाही, असं म्हणाला होता."

आणि बाबा गेल्यावर महिन्याभरात तू हिस्सा मागितलास, तेव्हा मी चार माणसांदेखत काय बोलले? बाप आजारी असताना छदामही दिला नाहीस, आता वाटणी मागायला बरा आलास. तू खाली वाकून बुटांच्या नाड्या बांधत राहिलास, खूप वेळ. मला वाटलं, लाजलास. एका वाक्यात तू मला गप्प करू शकला असतास. तुझ्या डोक्यावर कर्ज होतं आणि माझ्या डोक्यावर तू वाचवलेलं छप्पर.

आकारणीच्या नव्या अर्जावर मालकांच्या रकान्यात मी आपली दोघांची नावं लिहिली आहेत. अर्धं घर तुझं आहे. विकायचं म्हणालास तर विकू, मी वेगळी खोली बघेन. सहीसाठी तुला स्वतः यावं लागेल, असं लिहायचं ठरवून बसले होते. पण एवढं झाल्यावर तुझ्याशी खोटं कसं बोलू? सही पोस्टाने पाठवली तरी चालते, बाईंनी तसं सांगितलंय. अर्ज सोबत जोडलाय. सही घरी येऊन करशील का?

चुकलेली आणि तरीही तुझीच,
ताई