डाव्या दारातलं चामडं

शनिवार संध्याकाळ, ॲन आर्बर

दाराची खडखड अखेर गेली. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात प्रयोग म्हणून बनवलेली ही एकुलती एक आलिशान गाडी. रिस्टोअर करून आठवडाभर टेस्ट करतोय, आणि ताशी चाळीस मैलांच्या वर गेलं की खडखड. आज वर्कशॉपमधली मुग्धा मागच्या सीटवर डोळे मिटून ऐकत बसली. म्हणाली, "डावं दार. तू त्यातून काही काढलंस का?"

काढलं होतं. बुटाच्या चामडी सोलचा तुकडा, रिस्टोअर करताना, कचरा समजून. नशीब, डब्यातच होता. परत खोचला, तर पन्नासलाही शांत.

म्हणजे तेव्हाच्या टेस्ट ड्रायव्हरने हीच खडखड थांबवायला स्वतःचा बूट कापला? त्याचं उत्तर काढून टाकून मी आठवडाभर त्याचाच प्रश्न सोडवत बसलो.

पार्ट्सच्या यादीत लिहिलं: चामडं, बुटाचं. ओरिजिनल.