पायरीवरची लढाई

७ सप्टेंबर, रविवार
आजपासून युद्धशिल्प. वॉटरकलर, मंडला, रेझिन झालं. सगळं सामान बेडरूममध्ये जपून ठेवलंय. पण त्यात रक्त नव्हतं!
सौम्याचं माहेर इथल्या, कानडी मुलखातल्या जुन्या मराठ्यांचं. नवरात्रात पायऱ्यांवर गोंबे, म्हणजे बाहुल्या मांडतात. यंदा आमच्या फ्लॅटवर. सौम्या म्हणाली, खालची पायरी तुला. वरच्या राजा-राणीला हात लावलास तर याद राख. ती लाकडी जोडी सासूबाईंच्या आईच्या लग्नातली. मी कशाला लावतोय! माझ्याकडे फौज असेल.

१३ सप्टेंबर, शनिवार
मातीने घाण होते म्हणून कणीक आणि मीठ. भरपूर सैनिक वळले. चार सोडून सगळे ठार मारले. हात शिवशिवताहेत अजून. बाल्कनीत वाळत घातलेत.

१४ सप्टेंबर
कबुतरांनी मुंडकी खाल्ली. जिवंत ठेवलेल्या चौघांचीसुद्धा. हरकत नाही, वास्तववाद वाढला.

१९ सप्टेंबर, शुक्रवार
रंगाचं रक्त वाळून विटकरी दिसतं. काकवीत कुंकू कालवलं. काय ओघळतं! ऑफिस कॉलवर कॅमेरा चुकून चालू राहिला. मॅनेजरने विचारलं, घरी सगळे ठीक आहेत ना? मी सुरी हलवून म्हटलं, हॉबी आहे. एचआरची मेल आलीय. कौतुकाचीच असणार.

२१ सप्टेंबर, रविवार
बिनमुंडक्याच्या फौजेला सेनापती हवाच. वरच्या पायरीवरून राजाला खाली आणलं. फक्त फोटोपुरता. रक्त जेमतेम एक वाटी. सकाळी पुसेन.

२२ सप्टेंबर, सोमवार, सकाळ
लाल मुंग्या! अख्ख्या रणांगणावर. राजाच्या नाकात, माझ्या बाहीत. हातोडा घेतला. ठेचल्या, ठेचल्या, ठेचतच राहिलो. फौजेचं पीठ झालं. राजाचं डोकं फ्रिजखाली गेलं. चिकटवलंय. तोंड पाठीकडे झालं, पण त्यात एक ऐट आहे. कुणाला कळणार नाही.

त्याच दिवशी, रात्री
सासूबाईंना दारातूनच कळलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. राजाला मांडीवर घेऊन पदराने पुसत बसल्या. मग म्हणाल्या, राणीला एकटं बसवत नाहीत. स्वल्प, जरा इकडे या जावईबापू. फेटा बांधला आणि मला स्टुलावर बसवलं, राणीशेजारी.
हळदीकुंकवाच्या बायका आल्या. शेजारच्या छोट्या चंदनाने मला बोट लावून विचारलं, हे पण काकांनीच बनवलं? सौम्या म्हणाली, नाही गं, हे आईने पसंत केलेलं, आता परत घेत नाहीत.
फेट्यात मुंग्या होत्या. मी हललो नाही. राजा हलत नसतो.