कमठाण्याची रग्बी आणि धोंड्याचा महिना

शनिवार, २० ऑगस्ट १९५५. संध्याकाळ
आमची ऑस्ट्रेलिया हरली. वेलिंग्टनला न्यूझीलंडने सोळा-आठ असं बडवलं. बातमी पक्की. तेलघाण्याच्या अमृतप्पाने दुपारी रेडिओवर स्वतः ऐकली. त्याला इंग्रजी येत नाही, आकडे तेवढे येतात. दुकानात सांगायला आला तेव्हा हसत होता. रग्बी कशाशी खातात हे ज्याला ठाऊक नाही, त्याने ऑस्ट्रेलियावर हसावं. किळस आली.

ऑस्ट्रेलियाचीही आली. हीच टीम गेल्या वर्षी फिजीकडून एक टेस्ट हरली. फिजीवाले अनवाणी खेळतात. अनवाणी माणसाकडून बूट घालून हरायचं, आणि वर न्यूझीलंडच्या दौऱ्यावर जायचं. मी असतो तर घरी बसलो असतो.

स्कॉटलंडबद्दल तर लिहायलाच नको. चार वर्षांपूर्वी दक्षिण आफ्रिकेकडून चव्वेचाळीस-शून्य. इंग्लंड पावसात खेळून पावसासारखंच कंटाळवाणं झालंय. जगात रग्बी समजणारा माणूस उरला नाही. हैदराबाद राज्यात एक आहे. कमठाण्यात कापडाचं दुकान चालवतो.

निश्चय: तिसरी टेस्ट १७ सप्टेंबरला ऑकलंडला आहे. स्वतः जाऊन ऑस्ट्रेलियाच्या टीमला चार शब्द सुनावणार.

सोमवार, २२ ऑगस्ट
देवळामागच्या गायरानाचं आज पंचांपुढे निघालं. कुस्तीवाल्यांना तिथे आखाडा हवाय. मला रग्बीचं मैदान हवंय. मी उभं राहून सांगितलं की लढाईच्या काळात दोन वर्षं मिसरात, म्हणजे इजिप्तला, मिलिटरी स्टोअरवर कारकून होतो, तिथे वाळूत गोऱ्या पलटणींची रग्बी पाहिली, आणि एका ऑस्ट्रेलियन सार्जंटने जाताना मला बॉल दिला. असा बॉल बिदरपासून गुलबर्ग्यापर्यंत दुसरा नाही. (ब्लॅडर फुटल्यामुळे आत कापूस भरलाय. हे सांगितलं नाही.)

निंगप्पा अण्णा पंचांत वडील. ते म्हणाले, हणमंतप्पा, सगळा मुलूख आपण कुठल्या राज्यात जातो म्हणून कमिशनकडं डोळं लावून बसलाय, आन् तुमी एकटेच ऑस्ट्रेलियात जायलाव. लोक हसले. शेवटी निवाडा असा: शेजारच्या नौबादशी एक सामना करा. जिंकलात तर गायरान रग्बीचं. हरलात तर आखाड्याची माती पडेल, पुन्हा तक्रार नको.

तिथल्या तिथे कबूल केलं. नौबादला रग्बी येत नाही. आमच्याकडे मी आहे.

बुधवार, २४ ऑगस्ट
पहिली प्रॅक्टिस. टीम जमली. सगळे शेतकरी, अंगाने भक्कम, डोक्याने तसेच. कॅप्टन ग्यानबा. रेड्याला शिंगांना धरून बसवतो.

मूळ नियम सांगितला: पळत पुढे जायचं, पण बॉल हाताने फक्त मागे टाकायचा. ग्यानबा म्हणाला, आप्पा, पुढं जायचंय तर मागं कामून फेकायलाव. म्हटलं, हाच खेळ आहे. म्हणाला, मग बॉल घरीच ठिवून जाऊ की.

दुसरा नियम टॅकल. बॉलवाला पळतो त्याच्या पायांना मिठी घालून आडवा पाडायचा. हे मात्र त्यांना एकदम जमलं. ग्यानबाने सगळ्यांना पाडलं. मलाही पाडलं. माझ्याकडे बॉल नव्हता.

एकंदर समाधानकारक. कंबर दुखते.

शनिवार, २७ ऑगस्ट. दुपार, विकाराबाद स्टेशन
ऑकलंडला निघालो. विकाराबादपर्यंत प्रवास उत्तम झाला. गाडी बदलताना स्टेशनमास्तरांना विचारलं, मुंबईहून न्यूझीलंडची बोट कधी. त्यांनी पासपोर्टचं विचारलं. म्हटलं, मी हैदराबाद राज्याचा रहिवासी आहे, निर्वासित नाही. त्यांनी चहा पाजला आणि समुद्रात किती आठवडे जातात ते समजावलं. बोट पोचेपर्यंत टीम घरी गेलेली असेल.

खरं कारण हे नाही. टीमला माझी गरज आहे. कॅप्टन बुडत्या जहाजावरून उतरत नाही. इथे तर जहाजावर चढायचंही कारण उरलं नाही. परतीच्या गाडीला वेळ आहे. फलाटावरची भजी तेलकट.

रग्बीसाठी परगावी गेलो, असं म्हणायला हरकत नाही.

सोमवार, २९ ऑगस्ट
नौबादहून व्याही हावगेप्पा आले. आमची मुलगी त्यांच्या सिद्धरामला दिलेली. नौबादच्या टीमचं तेच बघणार. मी त्यांना नियम समजावून सांगितले, हरण्यापुरते. त्यांनी एकच विचारलं: आमच्या गावात राहणारा कुणीबी चालंल न्हवं. म्हटलं, कुणीही आणा. त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा म्हटलं, कुणीही. मग त्यांनी पान खाल्लं आणि मलाही एक लावून दिलं.

सामना रविवारी, ११ सप्टेंबरला. तारीख मी दिली. अधिक महिना चालू आहे, लग्नकार्यं नाहीत, सगळे मोकळे. प्लॅनिंग म्हणतात ते हे.

सोमवार, ५ सप्टेंबर
ऑस्ट्रेलिया शनिवारी परत हरली. ड्युनेडिनला आठ-शून्य. अमृतप्पाने दोन वेळा ऐकून खात्री केली, शून्याबद्दल त्याला शंका होती. मला नव्हती. ज्या टीमला एक पॉइंटही काढता येत नाही, तिने सरळ कबड्डी खेळावी.

त्याच दिवशी ब्रिटिश लायन्सनी प्रिटोरियात दक्षिण आफ्रिकेला नऊ-सहा हरवलं म्हणे. नऊ-सहा हा रग्बीचा स्कोअर नव्हे, भाजीचा भाव आहे.

नौबादची टीम कळली. सिद्धराम कॅप्टन. पोट सुटलेला, चालताना दमतो. बाकीचेही तसेच, पस्तिशी-चाळिशीचे, कुणी किराणावाला, कुणी तलाठ्याच्या कचेरीतला. व्याह्यांना रग्बीतलं शून्य कळतं. थोडी दया आली, पण फार नाही.

बुधवार, ७ सप्टेंबर
बायकोने, रत्नम्माने, जेवताना नौबादच्या टीमची नावं विचारली. मी सांगत गेलो, ती भाकरी थापत ऐकत गेली. मग म्हणाली, हे समदे आपल्या गावचे जावई हायती. सगळ्यांच्या बायका कमठाण्याच्या लेकी. धोंड्याच्या महिन्यात जावयाला वाण द्यायचं असतंय, मातीत लोळवायचं न्हाई. त्याच्या पायाला हात लावायचा तो धुवायला.

म्हटलं, टॅकलमध्ये पायालाच हात लावतात. यावर तिने माझ्याकडे बघितलं आणि वाढायचं थांबवलं.

बायकांना खेळ कळत नाही. तरी संध्याकाळी टीमला लेक्चर दिलं. मैदानावर नातं नाही. मैदानावर फक्त बॉल. सख्खा जावई आला तरी आडवा करायचा. मी स्वतः सगळ्यांच्या मागे, शेवटचा माणूस म्हणून उभा राहणार. माझ्या समोर सिद्धराम आला तर त्याचं काय होतं ते बघा.

ग्यानबा म्हणाला, व्हय आप्पा. बाकीचे जमिनीकडे बघत होते. तन्मय झाले होते.

रविवार, ११ सप्टेंबर. सामन्यानंतर
सविस्तर लिहितो, म्हणजे उद्या कुणी खोटं सांगायला नको.

सगळं गाव जमलेलं. रेफरी निंगप्पा अण्णा, त्यांना नियम येत नाहीत म्हणून दोन्ही बाजूंना मान्य. नौबादची टीम गाडीतून उतरली. नव्या धोतराचे काचे मारलेले. उतरल्या उतरल्या आमच्या टीमने पुढे होऊन त्यांच्या हातातल्या पिशव्या घेतल्या. हे मला तेव्हाच थांबवायला हवं होतं.

सामना सुरू. बॉल सिद्धरामच्या हातात. तो चालत निघाला. पळत नव्हता, चालत. आमची पहिली फळी बाजूला सरली. एकाने तर विचारलं, दाजी, सकाळी निघालाव का. सिद्धराम म्हणाला, व्हय, चहा घेऊन निघालो. आणि रेषेपलीकडे बॉल टेकवून पॉइंट काढले.

मी ग्यानबाला खडसावलं. पुढच्या वेळी ग्यानबा धावला. बैलासारखा धावला, मानलं पाहिजे. नौबादच्या किराणावाल्यावर झेप घेतली, पायांना हात घातला. किराणावाला त्याच्या चुलतबहिणीचा नवरा. झेप होती टॅकलची, खाली उतरेपर्यंत तिचा नमस्कार झाला. किराणावाल्याने त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि पुढे गेला.

मग सगळेच पाया पडू लागले. आमचे फॉर्वर्ड ओळीने. नौबादवाले आशीर्वाद देत पुढे सरकत होते. बॉल आमच्याकडे आला की आमचा माणूस विचारायचा, दाजी, तुमाला पायजे का. अडवणारा जावई हो म्हणाला की देऊन टाकायचा. इतकं करून तो बॉल नेहमी पाठ फिरवून मागेच देत होता. नियम तेवढा पाळला.

मध्यंतरात बायकांनी अनारसे आणले. नौबादला. आमच्या टीमला पाणीही नाही.

शेवटी शेवटी सिद्धराम बॉल घेऊन माझ्या अंगावर आला. समोर मी एकटा. मागे रेषा, मागे गायरान, सगळं माझ्यावर. मी लो टॅकलसाठी बरोबर खाली वाकलो, मिसरात पाहिलं होतं तसा. तो जवळ येऊन थांबला आणि हळू म्हणाला, मामा, सरका जरा.

तेवढ्यात ओल्या मातीत माझा पाय घसरला. गुडघे टेकले. हात पुढे गेले, ते त्याच्या पावलांना लागले. कपाळही लागलं असेल, वेगामुळे.

सिद्धराम मला उठवून, माती झाडून, मग पुढे गेला.

स्कोअर लिहिण्यासारखा नाही.

सोमवार, १२ सप्टेंबर
पराभवाची कारणं: एक, मैदान ओलं. दोन, बॉलमधला कापूस पाणी पिऊन जड झाला. तीन, रेफरी. चार, अधिक महिना.

रत्नम्मा म्हणते, घसरला न्हाई, तुमी चांगलं हात जोडून पाया पडलाव, मी बांधावरनं बघितलं. म्हटलं, बांधावरून अँगल नीट दिसत नाही. ती म्हणाली, मग समद्या बायकांना कसा दिसला.

स्कोअर अमृतप्पाने गावभर सांगितला. आकडे त्याला येतात.

ग्यानबा संध्याकाळी आला. दारातच उभा राहिला. म्हणाला, आप्पा, रेडा असता तर पाडला असता. बस म्हटलं, तर बसलाही नाही.

व्याह्यांचा निरोप आला: खेळ फार छान हाय, पोरांना लई आवडला, पुढच्या अधिकात परत ठिवा.

शुक्रवार, १६ सप्टेंबर
विचार करून ठरवलं. दोष माझा नाही, ऑस्ट्रेलियाचा आहे. हरणाऱ्या टीमच्या पाठीराख्याला हरण्याचीच लागण होते. आज दुकानासमोर चार लोकांत जाहीर केलं की मी ऑस्ट्रेलिया सोडली. आजपासून न्यूझीलंड. उद्या ऑकलंडला न्यूझीलंड किमान वीस पॉइंटांनी जिंकणार, नाही जिंकली तर मी रग्बीचं नाव काढणार नाही. अमृतप्पाने याला चार जण साक्षीला ठेवले.

हलकं वाटलं. न्यूझीलंडवाले सभ्य लोक आहेत. मिसरात उधारी ठेवत नसत.

शनिवार, १७ सप्टेंबर. संध्याकाळ
ऑस्ट्रेलिया जिंकली. आठ-तीन. अमृतप्पा रेडिओ गाडीवर घालून दुकानापर्यंत घेऊन आला, मला माझ्या कानांनी ऐकता यावं म्हणून. ऐकलं.

याला काय म्हणायचं. दहा वर्षं मी त्यांच्यासाठी जिवाचं रान केलं तेव्हा हरत राहिले. मी सोडल्याला एक दिवस झाला नाही.

निंगप्पा अण्णा दुकानात येऊन बसले. बराच वेळ धोतरजोड्या चाचपत होते. मग म्हणाले, हणमंतप्पा, वाईट वाटून घेऊ नका, आमच्या पंचांतबी कुणी जावयाला पाडलं नसतं. मी म्हटलं, माझा पाय घसरला होता. ते म्हणाले, व्हय, व्हय. आणि एक धोतर पसंत केलं, सिद्धरामसाठी.

उद्या सकाळी गायरानात आखाड्याची तांबडी माती पडेल. नारळ सिद्धरामच्या हस्ते फुटणार, पंचांनी एकमताने ठरवलं. तो मुलीला घेऊन आज रात्रीच येतोय. जावईबापूंना गाडीतून उतरवून घेणं, नारळ आणून हातात देणं आणि सामन्याबद्दल कुणी विचारलं तर गप्प बसणं, ही कामं माझ्याकडे.